पायाळूचा पाय

मी पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले, त्यात माझं मेलीचं काय कर्तृत्व? पण आमच्या नागपूरकडे अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते म्हणतात. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. ओझी उचलून ज्याची त्याची पाठ धरलेली. लग्न होऊन मी मजुरांच्या कॅम्पात आले आणि महिन्याभरात रोज सकाळी दाराशी बायाबाप्ये जमायला लागले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आम्ही देव सोडले, अंगारे-धुपारे सोडले. हा पाय तेवढा सुटला नव्हता.

मग माझ्या नवऱ्याचीच पाठ धरली. हे कारखान्यात फिटर होते. रोज उपाशीपोटी यांना पालथं झोपवायचं आणि डावा पाय कण्यावर दाबायचा. "कसं वाटून राहिलं?" विचारलं की म्हणायचे, "मोकळं झालं." आणि मी फुगायची!

दोन महिन्यांत यांचे कपडे ढगळ झाले. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. एक दिवस चालताना पाय लटपटले, तेव्हा मी हट्टानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खाली चावी टाकली, उचला म्हणाले. हे वाकलेच नाहीत. पाठ ताठ ठेवून गुडघे दुमडून बसले आणि उचलली. मग डॉक्टर एकेक मणका बोटानं ठोकत गेले. एका उंचवट्यावर हे कळवळले. एक्स-रेच्या फोटोत दोन मणके कुरतडल्यासारखे दिसत होते. पाठीच्या हाडाचा टीबी.

"मालिश करवाई? किसी ने दबाया?" डॉक्टरांनी विचारलं. मी माझ्या डाव्या पायाकडे बघत राहिले. हेच म्हणाले, "नहीं साहब."

नऊ महिने प्लास्टरमध्ये, फळीवर उताणे. रोज सुई, मूठभर गोळ्या. चालता येईल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात. मी यांच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून म्हणायची, "हालवा ना जरा." माझ्या लाथेनं यांचे पाय गेले तर? या एका विचारानं मला अन्न गोड लागत नव्हतं.

प्लास्टर कापलं त्या आठवड्यात हे भिंत धरून उभे राहिले. चार पावलं टाकली. मग मला राहवेना. ढसाढसा रडले. "अवो, मीच तुमची पाठ तुडवली!"

हे खाटेवर टेकले. "मले ठाऊक हाय. पयल्याच दिवशी जीव निघाला होता माहा."

"मंग बोलले कावून नाही?"

"इथं तुले ओळखत कोण होतं? त्या पायापायी बाया तुले मानानं बोलवून राहिल्या होत्या. कितीक दिवसांनी हासत होतीस तू. मले थे मोडवलं नाही."

"अन् पाय गेले असते तं?" मी ओरडलेच.

त्यावर यांनी पायाचा अंगठा हालवून दाखवला. मला यांचा असा संताप आला म्हणून सांगू! त्या संतापातच मी खाली बसले आणि यांचे दोन्ही पाय छातीशी घट्ट धरले.