समोरच्यांचा नऊ नंबरवाला

रविवारी नऊ नंबरवाल्याचा गुडघा गेला. सोमवारी साडेचार वाजता समोरचे माझ्या दारात उभे होते.

समोरचे म्हणजे कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या दाराच्या बरोबर समोर राहणारे गृहस्थ. त्यांना नाव होतं, दारावर पितळी पाटीही होती. पण माझी पत्नी त्यांचा उल्लेख 'समोरचे' असाच करायची आणि तीच सवय मला लागली. जुळवण्यावर एवढा विश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. जगातली कोणतीही दोन माणसं, दोन घराणी, फार काय, डबा आणि दुसऱ्याच डब्याचं झाकणसुद्धा नीट चौकशी केली तर जुळतं, आणि जुळत नसेल तर चौकशी कमी पडली, असं त्यांचं मत होतं. नारायण पेठेत त्यांनी बत्तीस वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवलं. पुढे लोक मोबाइलवरच स्थळं बघू लागले आणि केंद्र बंद झालं. मात्र छापून ठेवलेले कोरे फॉर्म दोन कपाटं भरून उरले. कोरा कागद रद्दीत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ते फॉर्म फुटबॉलपटूंसाठी वापरायला काढले.

फुटबॉलशी त्यांचं नातं सोयरिकीतूनच आलं होतं. केंद्रात जुळलेल्या एका लग्नातली मुलगी, दातांची डॉक्टर, नवऱ्याबरोबर इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात गेली. पहिल्या दिवाळीला तिने समोरच्यांना तिथल्या क्लबचा तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर पाठवला. समोरच्यांनी तो गळ्यात घातला आणि क्लब पत्करला. "जिथे आपण मुलगी दिली, तिथलं बरंवाईट आपलंच," ते म्हणत. क्लब दुसऱ्या श्रेणीतला, आणि तक्त्यात तो शोधायचा तर खालून मोजणं सोपं पडे. पण व्याह्यांची परिस्थिती बेताची निघाली म्हणून कोणी व्याही बदलत नाही.

क्लबने कोणता खेळाडू घ्यावा, याचा निर्णय ते फॉर्म भरून करत. नाव, उंची, शिक्षण, घरची माणसं, अपेक्षा, शेरा, सगळे रकाने व्यवस्थित. जातीचा रकाना ते पट्टी लावून खोडत आणि म्हणत, "एवढी एक गोष्ट तिकडच्या लोकांकडून घेण्यासारखी आहे." डेन्मार्कच्या एका बचावपटूच्या फॉर्मवर 'आई शिक्षिका, वळण चांगले' असं होतं. ब्राझीलच्या एका नावाजलेल्या खेळाडूला त्यांनी 'पाच वर्षांत चार क्लब, टिकत नाही, मध्यस्थ फार' एवढ्या तीन कारणांवर परत पाठवलं होतं, अर्थात त्याला न कळवता. चौकशीचं काम त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे असे. एकदा त्यांनी कळवलं की, अमुक मुलगा दुकानातून निघताना सामानाची ढकलगाडी जागेवर नेऊन ठेवतो. समोरच्यांनी त्याच दिवशी क्लबला ईमेलने शिफारस धाडली. 'आपला संदेश मिळाला' असं आपोआप येणारं उत्तर आलं, त्याची प्रत काढून त्यांनी फॉर्मला टाचली आणि शेरा लिहिला : होकार नाही, पण नकारही नाही.

शेवटी शिक्का. केंद्राचे तीन रबरी शिक्के होते : 'जुळले', 'नकार' आणि 'थांबावे'. थांबावे हा घरात आजारपण किंवा सुतक असलेल्या स्थळांसाठी.

तर सोमवारी हे गृहस्थ माझ्या दारात उभे होते. पत्नी जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मी निवृत्त ग्रंथपाल. शांतता हा माझा व्यवसायच, त्यामुळे मी बोलायचं थांबलो आहे हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"ग्रंथपाल, लिगामेंटला मराठीत काय म्हणतात?"

"अस्थिबंध," मी म्हणालो. दूधवाला सोडला तर आठवडाभरात मी कोणाशी बोललेला तो पहिला शब्द असावा.

"बंध आहे ना? मग जुळेल," असं म्हणून ते आत आले, खुर्चीत बसले आणि चहाची वाट पाहू लागले.

दुसऱ्या दिवशीही साडेचारला आले. क्लब आपल्या हुकमी गोल मारणाऱ्या या नऊ नंबरवाल्याच्या प्रकृतीविषयी अधूनमधून काहीतरी इंग्रजीत प्रसिद्ध करी, त्याची छापील प्रत त्यांच्या हातात होती. "माझं इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं. तुम्ही मराठीत सांगा." नवीन काही नसेल त्या दिवशी ते जुनंच वाचून घेत. बुधवारी त्याच मजकुराचा मंगळवारपेक्षा बरा अर्थ निघतो, असा त्यांचा अनुभव होता.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. गुडघ्याचा वर्तमानपत्रात आलेला फोटो मोठा करून ते आमच्या भागातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, आणि साक्षीदार म्हणून मलाही नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला.

"पेशंट कुठे आहे?"

"इंग्लंडला."

"मग माझ्याकडे काय काम काढलंत?"

"सेकंड ओपिनियन."

डॉक्टरांनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा सांगाडा पाहू लागलो. "घाई करू नका," डॉक्टर म्हणाले, "आणि पुढच्या वेळी गुडघा बरोबर आणा." बाहेर पडताना समोरचे समाधानाने म्हणाले, "बघा, घाई करायची नाही. तिथल्या क्लबला हे कोणी सांगत नाही."

क्लबला घाई होतीच, आणि तिचा पक्ष मांडायला आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरची मुलगी होती. ती भाड्याने राहायची, हिंजवडीला इंजिनिअर होती, आणि दर शनिवारी संध्याकाळी समोरच्यांच्या दिवाणखान्यात तिच्या लॅपटॉपवर सामना लागत असल्यामुळे तिला मत द्यायचा अधिकार होता.

"काका, गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट गेलंय त्याचं. नऊ महिने मिनिमम. जानेवारीत स्ट्रायकर घेतला नाही तर आपण खाली जाणार, सिम्पल."

"घरातलं माणूस पडलेलं असताना त्याच्या जागेवर स्थळं बघायची नाहीत."

"मग गोल कोण मारणार?"

"तोपर्यंत नाही मारायचे."

"आणि रेलिगेट झालो तर?"

"खालच्या श्रेणीतही माणसंच खेळतात ना?"

"काका, तो एकतीसचा आहे. डेटा बघा जरा. या वयात एवढ्या इंज्युरीतून परत आलेले प्लेअर्स..."

"तुझा डेटा त्याच्या आईला भेटलाय का?"

मग ती माझ्याकडे वळे. "सर, तुम्ही तरी सांगा यांना." मला ऑफसाइड म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. मी म्हणे, "दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे." त्यावर दोघंही माझ्याकडे सारख्याच तुच्छतेने बघत. तेवढ्यापुरती त्यांची एकी होई.

दिवाळीत समोरचे न्हाणीघरात घसरून पडले. हाड वाचलं, पण त्यांची मुलगी कोइंबतूरहून धावत आली आणि तिने त्यांना कायमचं घेऊन जायचं ठरवलं. समोरच्यांनी मुदत मागितली. "नऊ नंबरवाला मैदानात उतरला की त्या आठवड्यात येतो." मुलीने नवऱ्याला मोबाइलवर बघायला सांगितलं, नऊ महिने म्हणजे उन्हाळा हा हिशेब केला आणि कबूल झाली. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. शब्द मोडणाऱ्या घराण्यांची तर केंद्रात वेगळी वही होती.

ती परत गेली त्या रात्री मला कळलं की, मला तो गुडघा बरा व्हायला नको आहे.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही पुस्तक चुकीच्या कप्प्यात ठेवलं नव्हतं. आता मी हात राखून भाषांतर करू लागलो. त्याने धावायला सुरुवात केली असं छापून आलं, ते मी 'चालू लागला आहे' असं वाचलं. चेंडू घेऊन सराव सुरू झाला, त्याचं मी 'चेंडू पाहिला' केलं. पुढे दोन आठवडे तर मी त्याला घरीच बसवला, आणि मजकूर लांब होता म्हणून त्याला थोडी सर्दीही दिली. समोरचे डोळे मिटून ऐकत, मान डोलवत, आणि चहा झाला की म्हणत, "असू दे. घाई नाही." एकदा मी पत्नीच्या देवघरासमोर उभा राहून एका परक्या आईच्या मुलाचं दुखणं लांबावं अशी प्रार्थना केली. ती गेल्यापासून तिथे मी मागितलेली ती एकच गोष्ट.

जानेवारीत क्लबने वीस वर्षांचा नवा खेळाडू आणलाच. समोरच्यांनी दोन शनिवार लॅपटॉपकडे पाठ करून सामना ऐकला. तिसऱ्या शनिवारी त्या मुलाने दोन गोल मारले, तेव्हा ते अर्धे वळले आणि म्हणाले, "मुलगा चांगला आहे. त्याचा काही दोष नाही." इंजिनिअर मुलीने हा विजय साजरा केला नाही, नुसते शेंगदाणे पुढे केले.

मार्चमधल्या एका शनिवारी तिने लॅपटॉप उघडता उघडता म्हटलं, "काका, नऊ नंबर फुल ट्रेनिंगमध्ये आहे. तीन आठवडे झाले. तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

मी मफलरच्या पट्ट्या मोजू लागलो.

"आमच्या ग्रंथपालांकडे बातमी टपालाने येते," समोरचे म्हणाले, आणि गोलरक्षकाच्या फॉर्मवरच्या 'अपेक्षा' रकान्याकडे वळले.

सोमवारी ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. साडेचारला आले. कागद माझ्यापुढे ठेवला. "वाचा. काय म्हणतोय आज?" मी जसं होतं तसं वाचलं, एक शब्द न गाळता. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," ते म्हणाले. "म्हणजे चेंडू ओळखायला लागला."

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, सामन्याची अकरा मिनिटं उरली असताना, नऊ नंबरवाला मैदानात उतरला. नवा मुलगा बाहेर येत होता; दोघांनी एकमेकांना मिठी मारली. समोरचे उभे राहिले. पुण्याच्या एप्रिलात गळ्यात लोकरी मफलर, हातात शिक्का. त्या अकरा मिनिटांत चेंडू त्याच्याकडे चार वेळा आला. चौथ्या वेळी त्याने तो इतक्या उंच मारला की, प्रेक्षकांतल्या एका आजोबांनी तो मांडीवर धरून ठेवला. सामना शून्य-शून्य सुटला. समोरच्यांनी फॉर्मवर 'जुळले' उमटवलं, फुंकर घालून शाई वाळवली, आणि कोइंबतूरला फोन लावला.

"काका, अकरा मिनिटं काउंट होत नाहीत," इंजिनिअर मुलगी म्हणाली. "फुल मॅच तरी खेळू दे त्याला."

"शब्द उतरण्याचा होता."

मी कप गोळा केले.

गुरुवारी त्यांची मुलगी न्यायला आली. निघताना त्यांनी फॉर्मचा खोका, तिन्ही शिक्के आणि शाईची गादी माझ्या दारात ठेवली. "तुम्ही नीट लावून ठेवाल," ते म्हणाले. लिफ्ट बंद होती. ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरले, उजवा गुडघा जपत. गुडघा त्यांचाही बरा नव्हता, हे मला त्या दिवशी दिसलं.

खोका मी पावसाळ्यात लावायला घेतला. अकारविल्हे लावताना खेळाडूंच्या मध्ये माझ्या नावाचा फॉर्म निघाला. तारीख त्या पहिल्या सोमवारची होती. उंची : बेताची, वाकून चालतात. शिक्षण : एम.ए. व्यवसाय : ग्रंथपाल, निवृत्त. अपेक्षा : काही नाही म्हणतात. शेरा : मोठी दुखापत. नऊ महिने तरी. रोज साडेचारला जाणे. खाली 'थांबावे' हा शिक्का. आणि त्याखाली, वेगळ्या शाईत, मागाहून लिहिलेलं : भाषांतर चुकीचे करतात. सुधारणा आहे.

शनिवारी मी तिसऱ्या मजल्यावर जातो. मध्यंतराला कोइंबतूरहून फोन येतो. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून मी मोठ्याने बोलतो. क्लब खाली गेला नाही. नऊ नंबरवाला आता पूर्ण वेळ खेळतो. नवे फॉर्म मी भरतो, इंजिनिअर मुलगी खेळाडूंची वयं सांगते. शिक्के माझ्याकडे आहेत. माझा फॉर्म अजून 'थांबावे'च्या गठ्ठ्यात आहे.