आठवायचं तर तीनदा

लाँड्रीवालीला एका मेलेल्या बाईचा हेवा वाटायचा, आणि तो लपवून ठेवणं तिला जमायचं नाही. ती बाई म्हणजे नवऱ्याची पहिली बायको. हिने तिला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. भिंतीवर फोटो असता तर एक वेळ परवडलं असतं. त्याच्याकडे पाठ करून बसता आलं असतं. इथे तीही सोय नव्हती.

कारण पहिली राहत होती नवऱ्याच्या हातात. शर्टाची घडी घालून झाली की तो ती तळहाताने दोनदा थोपटायचा, मगच गठ्ठ्यावर ठेवायचा. लग्न नवं होतं तेव्हा हिने हसून विचारलं होतं, "शर्टाला झोपवताय का?"

"तिची सवय. कापड गरम असतानाच थोपटलं की घडी फुगत नाही, म्हणायची."

झालं! तेव्हापासून दुकानात दिवसभर जे थप थप चालायचं, ते थेट हिच्या काळजावर. काय बोलू नये हे नवऱ्यांना कळत नाही, आणि काय विचारू नये हे कळूनही बायकांना राहवत नाही.

"रोज आठवते ना हो ती तुम्हाला?"

"अगं, आठवत बसायला वेळ कुठाय? आठवतं आपलं आपोआप."

"आपोआप? शिंक आहे का ती?"

"शिंकच समज."

"आणि मी? मी आठवते कधी?"

तो खरोखरच गोंधळला. "तू कशी आठवशील? तू तर समोर उभी आहेस."

म्हणजे आठवणीत यायचं तर आधी नाहीसं व्हायला हवं! ठीक आहे. तिने पिशवी भरली आणि धाकट्या बहिणीकडे जाऊन राहिली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मुद्दाम उशिरा उचलला.

"स्टार्चचा डबा कुठे ठेवलायस गं?"

"आठवा!" म्हणून तिने फोन आपटला. बायको नाही, डबा आठवला!

त्याच तणतणीत ती बहिणीच्या घरचे कपडे इस्त्री करायला बसली. बहीण शेंगा सोलत बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, शर्टाला झोपवतेयस का?"

तिचा हात वरच्या वर थांबला. कधीपासून थोपटत होती कोण जाणे. जिचं तोंड पाहिलं नाही, ती बया हिच्याही हातात येऊन बसली होती! तिने पुढचे शर्ट हट्टाने न थोपटता ठेवले. सगळ्या घड्या फुगल्या. पहिलीचं म्हणणं खरं निघालं, ही आणखी एक आग.

दुसऱ्याच दिवशी ती दुकानात हजर झाली.

"डबा सापडला," नवरा म्हणाला.

"भाग्य माझं."

ती त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याने घडी घातली, दोनदा थोपटली. तिने हात पुढे करून तिसऱ्यांदा थोपटली, जरा जोरातच.

"हे काय?"

"हे माझं. उद्या मी असेन नसेन. आठवायचं तर तीनदा आठवायचं."

"अगं, घडीला दोनदा पुरतं."

"घडीला पुरत असेल."

त्याने पुढचा शर्ट घेतला, दोनदा थोपटला आणि सवयीने गठ्ठ्यावर ठेवला. तिने इस्त्री उभी केली आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. शर्ट मुकाट्याने टेबलावर परत आला.