बाबांचा ठावठिकाणा

आमचे बाबा गेले आणि महिनाभरात ते चार ठिकाणी असल्याच्या बातम्या घरी आल्या. हयातभर हा माणूस शेलूबाजारच्या आसपासचा परिसर सोडून कुठे मुक्कामाला राहिला नव्हता. मिशनच्या दवाखान्याची जीप चालवायची, पेशंट अकोल्याला पोचवायचा आणि जेवायला घरी यायचं. मेल्यावर मात्र त्यांची अशी फरफट सुरू झाली की मला त्यांची कीव यायला लागली.

पहिली बातमी मातीच्या दिवशीच आली. आमच्या जुन्या चर्चच्या पाळकसाहेबांनी कबरीपाशी उभं राहून सांगितलं, की आपले बंधू याच घटकेला प्रभूच्या सान्निध्यात आहेत. मी खाली पाहिलं. कारण याच पाळकसाहेबांच्या चर्चमध्ये बाबांनी कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. ड्रायव्हर असताना ते दवाखान्यातल्या डॉक्टरांना रविवारी चर्चला सोडत आणि बाहेर कडुलिंबाखाली जीपपाशी थांबत. रिटायर झाले, जीप गेली, डॉक्टरही गेले, पण बाबांची जागा बदलली नाही. आई आत बायकांच्या बाजूला बसून वरच्या पट्टीत गायची आणि बाबा बाहेर पारावर बिडी विझवून तीच गाणी गुणगुणायचे. पाळकसाहेब म्हणायचे, "आत या की." त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर होतं, "गाडीपाशी कोनी पाह्यजे ना साहेब." गाडी नव्हतीच. तरी साहेब मान डोलावून आत जायचे.

तर असा माणूस आता थेट सान्निध्यात होता. आईला मात्र ते पटलं. त्या रात्री ती नीट जेवली.

आठ दिवसांनी कारंज्याहून आत्या आली. आत्या बाबांची थोरली बहीण. ती लग्नानंतर रविवारऐवजी शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती मंडळीत गेलेली. चहासुद्धा घेत नाही. तिनं आईचा हात हातात घेतला, आणि मला वाटलं आता धीर देईल.

"तो कुठी गेला नाई," आत्या म्हणाली. "तो निजला हाय. त्याले आता काहीच समजत नाई. ना ऊन, ना थंडी, ना तू, ना मी."

"मी बी नाई?" आईनं विचारलं.

"कोनीच नाई. शेवटच्या दिवशी देवाची तुतारी वाजन तवा उठीन. तवरोक गाढ झोप. आन नरकबिरक काही नसते, त्याचं भेव नको ठेवू. वाईट मानसं जळून राख होतीन, सुटतीन."

आत्याला वाटलं तिनं केवढा दिलासा दिला. आईनं ती गेल्यावर मला विचारलं, "झोपेत कोनी कोनाले भेटते का वं?" मी नर्स आहे. वाशिमला आयुष्य वॉर्डात गेलं. मी माणसं मरताना पुष्कळ पाहिली, पण आत्मा बाहेर पडताना एकदाही दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मी पाहायला थांबलेही नाही, कारण तेवढ्यात सलाईन काढायचं असतं. मी म्हटलं, "मले नाई मालूम माय." ती म्हणाली, "मंग शिकली काय येवढी?"

तिसरी बातमी माझ्या सासूबाईंची. त्या कॅथलिक. त्यांच्या मते बाबा शुद्धिस्थानात होते, म्हणजे वर नाही आणि खालीही नाही. आमच्या वॉर्डात जो पेशंट घरीही सोडता येत नाही आणि अकोल्याला पाठवण्याइतका वाईटही नसतो, त्याला निगराणीत ठेवतात, तसं काहीसं. इथून प्रार्थना केल्या तर मुक्काम कमी होतो म्हणे. सासूबाईंनी लगेच त्यांच्या चर्चमध्ये बाबांच्या नावानं मिस्सा, म्हणजे खास उपासना, सांगितला, आणि हयातीत ज्या व्याह्यांशी त्यांचं कधी जमलं नाही, त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी गुडघे टेकायला लागल्या. या बाईंबद्दल मी आजवर बरंच वाईट बोलले आहे. ते सगळं या एका गोष्टीसाठी मी मागे घेते.

आई सगळ्यांना एकच विचारायची, "मी गेल्यावर मले भेटतीन का?" तिला आत्म्याशी, नरकाशी, तुतारीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला पत्ता हवा होता. आमच्या शेजारच्या काकू पाटलांच्या घरच्या. त्या एक दिवस ओसरीवर बसून म्हणाल्या, "तुमच्यात कावळा नसते तं मंग समजते कसं? आमच्यात पिंडाले कावळा शिवला का झालं. नाई शिवला तं काय राह्यलं ते इचारता येते." आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आमच्या धर्मात एवढी साधी सोय न ठेवल्याबद्दल मीच जबाबदार होते.

चौथी बातमी कोणी तोंडानं सांगितली नाही, आणि तीच सगळ्यांत जड होती. माझा धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वी शेलूबाजारच्या एका नव्या संगतीत गेला. कृषी सेवा केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये ती भरते. खाली खत, वर हालेलुया. त्यांचे पास्टर आधी मोबाईल दुरुस्त करायचे. त्यांच्यात लहानपणी डोक्यावर शिंपडलेलं पाणी धरत नाहीत. मोठेपणी, समजून उमजून, पाण्यात पुरतं बुडून बाप्तिस्मा घेतला तरच तो खरा. ज्यानं घेतला नाही त्याच्यासाठी अग्नीचं सरोवर. भाऊ वर्षभर बाबांच्या मागे लागला होता. बाबा म्हणायचे, "पावसाळ्यात पाहू." पावसाळ्यात म्हणायचे, "गुडघे दुखून राह्यले." दिवाळीनंतर ते गेले.

आता भाऊ आईच्या मागे लागला. "माय, तू तरी घे. वेळ सांगून येत नाई." मी त्याला अंगणात गाठलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, म्हातारीला चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाण्यात बुडवून कोणता स्वर्ग मिळवणार आहेस? तिनं विचारलं की माझा नवरा कुठे आहे, तर तोंड वर करून सांगणार आहेस का?

तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसला आणि रडायला लागला. पोरासारखा नव्हे, दोन पोरांच्या बापासारखा, तोंडावर टॉवेल धरून. "ताई, मले रोज दिसतात वं ते," तो म्हणाला. "जळताना दिसतात. मीच कमी पडलो. अजून एकडाव म्हटलं असतं तं आले असते."

मी आतापर्यंत त्याला हट्टी समजत होते. हा बिचारा रोज बापाला आगीत पाहून हरभऱ्याला पाणी द्यायला जात होता आणि कोणाला सांगतही नव्हता. मला त्याचा राग होता तो तिथेच गळाला, आणि त्याच्या पास्टरचा दुप्पट आला.

आई हे ओसरीवरून ऐकत होती. आम्हाला वाटत होतं तिला कमी ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, "मी घेतो बाप्तिस्मा."

भावाचा चेहरा फुलला. माझा उतरला. मला वाटलं, शेवटी घाबरलीच. आणि मग ती वर आणि बाबा खाली, असा हिशेब तिनं मान्य केला, याचं मला फार वाईट वाटलं. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिला त्याचं काही नव्हतं. ती कपाटात काहीतरी शोधत होती.

माघातला रविवार होता. नदीला पाणी नव्हतं, म्हणून संगतीतल्या एका शेतकऱ्याच्या शेततळ्यावर कार्यक्रम ठरला. शेततळं म्हणजे काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला मोठा खड्डा. त्या कागदावर पाय ठरत नाही, म्हणून दोर बांधला होता, शिडी लावली होती आणि ट्यूबसुद्धा तयार होती. स्वर्गाची एवढी निसरडी वाट मी कधी पाहिली नव्हती. मी नर्स म्हणून आले होते. तसं मी सगळ्यांना बजावलंही. ब्लड प्रेशरचं मशीन घेऊन मी वर काठावर, बाभळीखाली उभी राहिले. आत यायला मला दोघा-तिघांनी सांगितलं, मी म्हटलं, "मशीनपाशी कोनी पाह्यजे."

सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. आईनं पांढऱ्या लुगड्यावर बाबांचा खाकी शर्ट चढवला होता. ड्रायव्हरकीचा, खांद्यावर पट्ट्या असलेला, बटणं वरपर्यंत लावलेला. लोकांना वाटलं म्हातारीला थंडी वाजत असेल. मलाही तेच वाटलं.

एका बाजूनं भावानं धरलं, दुसरीकडून पास्टरनं. छातीपर्यंत पाणी. विश्वास आहे का, विचारलं, आईनं हो म्हटलं. मागे झुकवून बुडवलं, वर काढलं. काठावर टाळ्या, गाणं. दोघं तिला शिडीकडे वळवायला लागले तर ती हलेना.

"थांबा," ती म्हणाली. "माह्यं झालं. आता त्यायचं करा." आणि तिनं शर्टाच्या छातीवर हात ठेवला.

पास्टरांना कळायला वेळ लागला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आई, असं नसते होत. ज्याचं त्यानं घ्यावं लागते."

"काहून नाई होत? त्यायच्या हर्नियाच्या टायमाले सही कोनी केली? मीच केली ना. डॉक्टरले चालली. पोट फाडाले माही सही चालते आन पान्यात बुडवाले नाई चालत?" मग तिनं वर माझ्याकडे पाहून साक्ष मागितली, "चालली होती का नाई वं?"

सगळी संगत माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "चालली होती."

पास्टर बायबल आणायला सांगतील असं मला वाटलं.  पण ते आईचा हात धरून नुसते उभे राहिले. गाणं थांबलं होतं. मग माझ्या भावानं, ज्याला ही सगळी शिकवण तोंडपाठ होती आणि असं काही तिच्यात कुठेही बसत नाही हे जो त्या पाण्यातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं जाणत होता, त्यानं आपला हात आईच्या हातावर, त्या शर्टावर ठेवला. दुसरा तिच्या पाठीखाली घातला. "बाबा," एवढंच म्हणाला, आणि तिला दुसऱ्यांदा बुडवलं.

वर आल्यावर आई खोकली, नाक शिंकरलं आणि म्हणाली, "आता चला, थंडी वाजून राह्यली."

मी प्रेशर तपासलं. माझ्यापेक्षा चांगलं होतं.

येताना गाडी भाऊच चालवत होता. आई मागच्या सीटवर घोंगडी पांघरून झोपली होती, ओला शर्ट पिळून मांडीवर ठेवलेला. मी पुढे बसले होते.  शेलूबाजारचा फाटा ओलांडल्यावर रस्त्यावरची नजर न काढता भावानं विचारलं, "ताई, चालत असंन का वं असं?"

पास्टर सोडून, पाळकसाहेब सोडून, आत्या सोडून तो हे मला विचारत होता. मी वॉर्डात कधी नातेवाइकांना खोटं सांगितलेलं नाही. पेशंट वाचणार नसेल तर वाचणार नाही म्हणून सांगते, त्याबद्दल माझं नावही वाईट आहे. मी त्याच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे पाहिलं. बाबांसारखेच, अंगठे वर ठेवून धरलेले.

"चालते," मी म्हटलं. "घरच्या मानसाची सही असली का चालते."