हळदीच्या वखारीवरचा पहारा

लढाईहून परत आल्यावर मी गावात गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी थापा मारल्या. वडूजजवळच्या आमच्या गावात चावडीपुढच्या पारावर बसून मी वर्षभर इटलीची लढाई लढत होतो आणि त्या लढाईत दर वेळी एक गुरखा असायचा. आमच्या मराठा पलटणीच्या शेजारी त्यांची पलटण होती, एवढंच खरं. बाकीचं मी पदरचं घालायचो. गुरख्याची कुकरी म्यानाबाहेर आली की रक्त चाखल्याशिवाय आत जात नाही, एका घावात रेड्याचं मुंडकं खाली पडतं, जर्मन नुसतं नाव ऐकून खंदक सोडतो. ऐकणारे तोंडात बोट घालायचे आणि मला फुकटची तंबाखू मिळायची.

खरा गुरखा मला ठाऊक होता. सुरुंग फुटून माझ्या डोळ्यांवर महिनाभर पट्ट्या होत्या, तेव्हा दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा एक गुरखा मला भरवायचा. पहिल्याच दिवशी हात चाचपून मला कळलं की घास डाव्या हाताचा आहे. दिसत नव्हतं, दुसऱ्याच्या हातानं खात होतो, तरी माझा तोरा केवढा! डाव्या हातानं कुणी भरवतं का, असं मी पलटणीतल्या हिंदीत त्याच्यावर ओरडलो. त्यानं माझा हात धरून आपल्या उजव्या हातावर ठेवला. मनगटापासून टाके होते आणि तीन बोटं ताठ झाली होती, वळतच नव्हती. मी मुकाट्यानं तोंड उघडलं.

कुकरी रक्त मागते का, हेही मी त्याला विचारलं होतं. तो इतका हसला की माझ्या अंगावर डाळ सांडली. "फिर हम प्याज किससे काटते हैं, दाजू?" दाजू म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. गोरा साहेब आधी त्यांच्या डोंगरात लढायला आला, त्यांची लढाई बघून त्यांनाच चाकरीला घेऊन गेला, असं तो सांगायचा. "तुम्हारा भी तो वही किस्सा है," म्हणायचा. त्याच्या आज्याच्या आज्यापासून घरातलं कुणी ना कुणी पलटणीत गेलं होतं. काहीजण परत आले नव्हते. बाहेर त्यांच्या नावाचा दबदबा वाढत गेला आणि घरी माणसं कमी होत गेली, हे त्यानंच मला सांगितलं होतं. पारावर मी यातलं काहीच सांगितलं नाही.

लढाई संपल्यावर त्याला सांगलीत एका हळदीच्या वखारीवर पहाऱ्याचं काम मिळालं. शेटजींना गुरखाच हवा होता. मी त्याला आमच्या जत्रेला बोलावलं आणि तो आला. आल्या आल्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेट ने गुरखा देखा, हाथ नहीं देखा." उजवा हात तो कायम खिशात ठेवायचा. एका हातानं डोंगरात ना कुऱ्हाड चालते ना नांगर, म्हणून तो घरी गेलाच नव्हता. हे काम गेलं तर दुसरं मिळणार नाही, हेही त्यानं सांगितलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, मी आहे ना.

जत्रेत बकरं कापायची वेळ झाली. मुलाणी सुरी घेऊन तयार होता, तेवढ्यात एकानं मला हटकलं. "लय सांगत हुतास गड्या. आता पावना हाय न्हवं? एका घावात कसं पडतंय, दाव की!"

सगळे ओरडायला लागले. सांगलीच्या वखारीचे दिवाणजी आमच्या गावचे जावई. तेही लिंबाखाली बसून बघत होते. माझा पाहुणा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दाजू, दिवाणजी बैठे हैं. तुम मना कर दो. तुम्हारी बात मानेंगे."

मानली असती. पाहुणा आजारी आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग वर्षभराच्या माझ्या गप्पांचं काय झालं असतं? मी म्हणालो, "एकच घाव तर मारायचा आहे. माझी अब्रू जाईल."

त्यानं उजवा हात खिशातून बाहेर काढला. मग दोन्ही हातांनी कुकरी धरली. ताठ बोटांतून मूठ फिरली, घाव मानेऐवजी खांद्यावर बसला आणि कुकरी मातीत पडली. बकरं तडफडायला लागलं. मुलाण्यानं धावत जाऊन सुरी फिरवली आणि त्याला मोकळं केलं. "ह्यो गुरखा व्हय रं? ह्याच्यापरीस आमचा मुलाणी बरा!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मीही हसलो. हसण्यात मी मागे नव्हतो, हे लिहिताना आजही कान तापतात.

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या मोटारीनं गेला. तीन आठवड्यांनी मी सांगलीला गेलो. माफी मागायला गेलो होतो, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. वखारीवर तो नव्हता.

"शेटजींनी लगेच काढलं त्याला," दिवाणजी म्हणाले. "धड हात नसलेला गुरखा काय कामाचा? बरं झालं, तुमच्या जत्रेत कळलं." मग मला खालीवर न्याहाळून म्हणाले, "तुम्हीही पलटणीतलेच ना? राहता का पहाऱ्याला उभे?"

घरी ज्वारी होती. थोरले भाऊ शेत बघत होते, मला अडचण काहीच नव्हती. पण पुन्हा बटणांचा कोट घालायला मिळेल, लोक वाट सोडतील, याचाच मोह पडला. मी हो म्हणालो. त्यांनी खुंटीवरचा त्याचाच कोट काढून दिला. बाह्या मला आखूड होत्या.

दोन महिन्यांनी गावाकडून आलेल्या गाडीवानानं मला एक पत्र आणून दिलं. नेपाळच्या वाटेवरच्या गोरखपूरहून आलं होतं, माझ्या गावच्या पत्त्यावर. आम्हाला पलटणीत शिकवलेल्या रोमन अक्षरांत डाव्या हातानं लिहिलेलं, वाकडंतिकडं. जत्रेत बकऱ्याचे हाल झाले, तुझ्या गावचा सण माझ्यामुळे नासला, त्याची त्यानं माफी मागितली होती. आता डावा हात चांगला चालतो, असं लिहिलं होतं. पुढे विनंती होती: एकदा सांगलीला जाऊन शेटजींना माझ्याबद्दल सांग. तू त्या मुलखातला आहेस, माझा हात कसा गेला ते तुला ठाऊक आहे, तुझं ते ऐकतील. तोपर्यंत मी दुसरीकडे काम धरत नाही.

वखारीत पोती चढत होती. दिवाणजींनी ओट्यावरून विचारलं, "काय हो, घरचं पत्र?"

"व्हय," मी म्हणालो.

उत्तर नक्की यावं म्हणून त्यानं खाली आपला पत्ता दोनदा लिहिला होता. मी उत्तर पाठवलं नाही.