फरशीची चुगली

आधी बोट ओठांवर, मग तेच बोट खाली फरशीकडे. एवढं झालं की अक्का उठायच्या आणि उंबरा ओलांडून बाहेरच्या दगडी कट्ट्यावर जाऊन बसायच्या. पाहुण्याने मागोमाग जायचं, मगच बोलणं सुरू. "इथवर तिचं राज्य नाही," त्या सांगायच्या.

मल्लेश्वरममध्ये त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्याने राहिलो. मी नागपूरचा. वर्तमानपत्रात संध्याकाळची पाळी, त्यामुळे दुपारी घरी. अक्कांचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांचं, हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकट्या, मुलगी पुण्यात.

एकदा त्या न्हाणीघरात पडल्या आणि दोन दिवस ते लपवलं. तेव्हापासून मुलीचा त्यांच्यावर विश्वास उरला नाही. तिने हट्टाने घरभर नवी फरशी बसवून घेतली. दिसायला साधी, लाकडी रंगाची. आत सेन्सर. कोण उभं आहे, कोण चालतंय, कोण पडलंय, हे वजनावरून ओळखायचं आणि मुलीच्या फोनवर कळवायचं. मायलेकींचं ठरलं होतं : एका महिन्यात तीनदा पडल्या, तर घर बंद करून पुण्याला जायचं.

फरशीला फक्त वजन कळतं, बोलणं नाही, हे मी अक्कांना समजावलं. त्या म्हणाल्या, "आज वजन कळतं. उद्या मन कळायला किती वेळ लागतो?"

ज्यांनी ती फरशी बनवली ते खुर्चीवर जगणारे असावेत. अक्का जमिनीवर जगायच्या. भाजी विळीवर, जेवण पाटावर. जेवणानंतर पदराची उशी करून उघड्या जमिनीवर पाठ टेकायची, हा लग्नापासूनचा नेम. नवी फरशी बसल्यावर तिसऱ्याच दुपारी मुलीचा मला फोन आला : आई पडली आहे, फोन उचलत नाही. मी किल्ली घेऊन धावलो. अक्कांनी आडव्या आडव्याच एक डोळा उघडला. "काय रे, पेपरात छापायला आलास?"

मुलीने विचारलं, काय दिसलं. मी म्हणालो, जमिनीवर होत्या. त्या तिथे कशा पोचल्या ते मी पाहिलं नव्हतं, म्हणून तेवढंच सांगितलं. मुलीने ते पडणं धरलं. अक्का कट्ट्यावर झोपायला लागल्या.

दुसऱ्या वेळी अवरेच्या शेंगा सोलताना एक दाणा कपाटाखाली गेला आणि तो काढायला त्या पोटावर झोपल्या. पुन्हा फोन, पुन्हा मी, पुन्हा तेच काटेकोर उत्तर. महिना संपायला सतरा दिवस बाकी होते.

मुलीने माझ्याही फोनवर फरशीचं ॲप टाकायला लावलं होतं; घरात कोण कुठे आहे ते त्यात ठिपक्याने दिसायचं. अक्कांना ते माहीत नव्हतं. एकदा कट्ट्यावर मी सहज विचारून गेलो, "आज सकाळभर देवघरातच होतात?" अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. बोट ओठांवर गेलं. मग ते फरशीकडे न जाता माझ्या खिशाकडे वळलं.

आठ दिवस त्या बोलल्या नाहीत. रोज चार वाजता जिन्यावर ठेवायच्या तो कॉफीचा पेलाही बंद झाला. मला तो संशय अन्याय्य म्हणता येत नव्हता. तुम्हालाही येणार नाही.

नवव्या दिवशी पेला परत आला, मागून अक्का. "कट्टा टोचतो रे," त्या म्हणाल्या. "मला आत पाठ टेकायचीय. स्वल्प खोटं बोलशील? लेकीचा फोन आला तर सांग, झोपलेल्या पाहिल्यात."

मी शब्द दिला. मुलीचा माझ्या पाहण्यावर विश्वास होता. रोज जेवणानंतर फरशी कळवायची, मुलगी विचारायची, आणि मी वरूनच सांगायचो : पाहिलं, झोपल्यात. अक्का पुन्हा आत झोपू लागल्या. कॉफी वेळेवर येत होती.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी पावणेतीनला फोन आला. मी म्हणालो, पाहिलं, झोपल्यात.

चार वाजून गेले तरी जिन्यावर पेला नव्हता. मी खाली गेलो. अक्का स्वयंपाकघराच्या दाराशी पडलेल्या होत्या. डोक्याखाली पदर नव्हता. एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. शुद्ध होती.

रुग्णवाहिका येईपर्यंत मी शेजारी बसलो. त्यांनी फरशीवर बोट टेकवून विचारलं, "हिने सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"आणि तू?"

"झोपल्यात म्हणालो."

त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं. "सरी, ठीक आहे. शब्द पाळलास."

त्या रागावल्या असत्या तर मला ते सोपं गेलं असतं.

खुबा मोडला होता. मुलीला मी सगळं खरं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा मला कधी काही विचारलं नाही. अक्का इस्पितळातूनच पुण्याला गेल्या. घर बंद आहे, किल्ली अजून माझ्याकडे आहे. ती फरशी कुणी बंद केलेली नाही. दर रविवारी मी खिडक्या उघडायला जातो, तेव्हा माझ्याच फोनवर एक ठिपका त्या घरात फिरताना दिसतो. बैठकीतून सरळ जातो, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आला की थोडा वळसा घेतो.