भावोजींची निळी पिशवी

आमचे भावोजी सव्वीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. त्यांच्या फळीवरून एक वायसर खाली उतरवायचा तर आधी तीन सह्या लागतात आणि मग भावोजींचा सुस्कारा. शेवटचा नग कुणालाही द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. "शेवटचा दिला तर उरलं काय?" असं ते साहेबांनाही विचारतात.

दरवर्षी ते ताईला आणि मला रानात भटकायला नेतात. "रानात काय मोडेल, सांगता येत नाही," असं म्हणून काय काय मोडेल ते तासभर सांगतात. त्या सगळ्याच्या दुरुस्तीचं सामान एका निळ्या पिशवीत, चिठ्ठ्या लावून.

यंदा परतीच्या उतरणीवर ताईच्या बुटाचा तळ सुटला. वाट सगळी दगडधोंड्यांची. खालच्या रस्त्यावरून शेवटची गाडी पाचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत.

"अहो, ती चिकटवायची ट्यूब काढा."

"एकच आहे गं."

"मग?"

"पुढे कुणाचा बूट फाटला तर?"

"कुणाचा? तिघंच तर आहोत. माझा फाटलाय."

"तुझा एक फाटलाय. अजून पाच आहेत."

"भावोजी, बांधायला तार तरी द्या," मी म्हणालो.

"तार स्टोव्हसाठी आहे."

स्टोव्ह ठणठणीत होता. तार राखून ठेवली म्हणूनच, हे त्यांचं म्हणणं.

ताईने घड्याळ पाहिलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "बूट काढा."

भावोजींनी काढले. एकाही सहीशिवाय माल देण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मोजांचे दोन जोड चढवून ताईने ते घातले आणि चालू लागली. "आता फाटका तुमचा," वळणावरून तिचा आवाज आला.

तिच्या बुटात त्यांची टाचसुद्धा जाईना. तरी त्यांनी ट्यूब उघडली. सहा वर्षं जिवापाड जपलेली. आतला गोंद वाळून दगड झाला होता. मग मी निळी पिशवीच फाडली आणि त्यांच्या पायांना तारेने गुंडाळली. तारेचा प्रत्येक वेढा ते डोळ्यांनी मोजत होते.

भावोजी लंगडत आणि मी त्यांना धरून रस्त्यावर पोचलो तेव्हा ताई ड्रायव्हरला बोलण्यात गुंतवून गाडीच्या पायरीवर उभी होती.

जागा तिला मिळाली. पहिल्याच दिवशी तिने शाळेचं कुलूपबंद कपाट उघडून सगळे खडू वर्गांत वाटून टाकले. हे ऐकून भावोजी त्या दिवशी नीट जेवले नाहीत.