डोक्यावरचं भात आधी

कुंदा गेली तेव्हा मी मुरबाडला गिरणीच्या सामानाच्या दुकानात रबराचे रोल बघत उभी होते. भात सोलणाऱ्या यंत्राचे रोल हंगामात झिजतात, वेळेत बदलले नाहीत तर तांदळाची कणी होते. फोन धाकट्या दिराचा होता, म्हणजे कुंदाच्या नवऱ्याचा. "वयनी, तुमी या," एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, "रोल घेते आणि निघते." तो म्हणाला, "रोल राहू द्या." तेव्हा मला कळलं. सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि शहापूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. रोल मी तरीही घेतले. दुकानदाराने बांधून ठेवले होते, आणि गिरणी तर चालवायचीच होती.

कुंदा माझी धाकटी जाऊ. शेणव्याच्या रस्त्याला आमची भाताची गिरणी आहे, ती आम्ही दोघी चालवायचो. यंत्र मी बघायची, माणसं ती. काही वर्षांपूर्वी तिच्या मोबाइलच्या रिचार्जबरोबर खेळांचं एक ॲप फुकट आलं. फुकटचं वाया का घालवा, म्हणून तिने ते उघडलं आणि फॉर्म्युला वनच्या गाड्यांपाशी अडकली. घरात सगळे हसले. मला वाटलं होतं, हिला वेगाचं वेड लागलंय. पण तसं नव्हतं. "गाड्या काय, सगळ्या सारख्याच दिसतात गो. मी नियम बघते," ती म्हणायची. दर काही वर्षांनी तिथे नियम बदलतात आणि कालपर्यंत पहिला येणारा आज चाचपडायला लागतो, याची तिला मोठी गंमत वाटे. त्याहून गंमत नियमातून वाट काढणाऱ्यांची. कुणी एखादी फट शोधली आणि बाकीच्यांनी तक्रार केली, की ही बाकीच्यांवरच वैतागायची. "मोडला नाय ना त्याने नियम? मग! तुमी पण शोधा की."

यंदाच्या हंगामाची तर ती गेल्या वर्षापासून वाट बघत होती. भात पाखडता पाखडता सांगायची, "ताय, येत्या साली सगळंच नवं. गाड्या लहान, हलक्या. निम्मी ताकद इंजिनाची, निम्मी विजेची. पंख सरळ रस्त्यावर आडवे होणार, वळणावर उभे."

"मग काय होणार?"

"तेच तर! कोणालाच ठाव नाय. ज्यांनी गाड्या बनवल्या त्यांनापण नाय."

"आणि मधेच वीज संपली तर?" आमच्याकडे कधीही लाइट जाते, म्हणून मला तेवढंच सुचलं.

तिने सूप खाली ठेवलं. "बघ, तू पण विचारायला लागलीस!"

दिवाळीनंतर नवं भात यायला लागलं तेव्हा तिने गिरणीचाच नियम बदलून टाकला, आणि तोही मला न विचारता. आमच्याकडे ज्याची गोण आधी त्याचा नंबर आधी. त्यामुळे एक टेम्पो खाली झाला की दुपार त्यातच जायची, आणि पाड्यांवरून डोक्यावर भात घेऊन चालत आलेल्या बाया दिवस मावळेपर्यंत बसून राहायच्या. कुंदाने जाहीर केलं : डोक्यावरून आलेलं भात आधी, चाकांवरून आलेलं नंतर. मी भडकले. गिरणी टेम्पोंवर चालते, टोपल्यांवर नाही, आणि मोठी गिऱ्हाइकं तुटली तर विजेचं बिल कोण भरणार? ती म्हणाली, "तुटतात की काय करतात, तेच मला बघायचंय." शेवटी शिमग्यापर्यंत बघायचं ठरलं. तोवर गिऱ्हाइकं तुटली तर नियम मागे.

एक टेम्पो खर्डीच्या गिरणीला गेलाच. सापगावचे आप्पा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, तेही धुसफुसत होते. आणि मग कुंदाच गेली... तेराव्याला आप्पा आले, चहा घेतला, तिच्याबद्दल चांगलं बोलले आणि उठता उठता म्हणाले, "वयनी, आता तरी काढा तो नियम." मी म्हटलं, शिमग्यापर्यंत थांबा. खरं सांगायचं तर काढायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. कुणाच्या आठवणीवर गिरणी चालत नाही. नव्या गाड्या पळताना कुंदाने एकदाही बघितल्या नाहीत, याचं मात्र मला राहून राहून वाईट वाटत होतं. कुतूहल अर्धवट राहिलेलं माणूस गेलं की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

शिमगा तोंडावर आला असताना एका सकाळी आप्पा चालत येताना दिसले. इस्त्रीचा शर्ट, मान ताठ, डोक्यावर गोण. मागे त्यांची बायको, तिच्या डोक्यावर अर्धी गोण. त्यांच्यामागे मुलगा. वळणावरच्या विहिरीमागे त्यांच्या टेम्पोचं नाक दिसत होतं. गिरणीच्या ओटीवर बाया नंबर लावून बसल्या होत्या. त्यातली पाड्यावरची जानकी ओरडली, "आप्पा, चुंबळ तरी घ्यायची रे डोक्यावर! टक्कल सोलवटेल!"

आप्पांनी गोण टेकवली आणि धापा टाकत मला विचारलं, "डोक्यावरून आणलंय. बसतं ना नियमात?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कुंदा असती तर टाळ्या पिटत नाचली असती. मी म्हटलं, "बसतं. जानकीच्या मागे लावा."

चार खेपांनंतर आप्पा जानकीशेजारीच ओटीवर बसले. उरलेल्या गोणी टेम्पोतच राहू द्या, संध्याकाळी बघू, असं त्यांनीच मुलाला सांगितलं. जानकीने त्यांना पाणी दिलं. दोघं यंदाच्या कोलमवर बोलत बसले. इतकी वर्षं दोघंही याच गिरणीत येत होते, पण त्यांना एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदाच बघितलं. आप्पा खर्डीला गेले नाहीत. आले, फट शोधून आले. कुंदाला जे बघायचं होतं ते हेच असणार, आणि मी गिऱ्हाइकं मोजत बसले होते.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी दिराने विचारलं, "वयनी, मग नियम काढायचा ना?"

"राहू दे," मी म्हटलं. "आणि आणखी एक कर. रविवारी सकाळी त्या गाड्यांची पहिली शर्यत आहे. गिरणी ती संपल्यावर उघडेल. सगळ्यांना सांगून ठेव."

त्याने सांगितलं. आप्पांचा निरोप आला, की ते शर्यत बघायला आठालाच आमच्याकडे येणार आहेत, आणि येताना डोक्यावर एक गोण असेल.